जागा सापडली

रफू करणाऱ्याच्या मुलीला गल्लीतल्या लोकांनी 'रफूचक्कर' म्हणावं, यात कुणाला फार डोकं चालवावं लागलं असेल असं नाही. शिवाय पोरगी होतीच तशी. आत्ता जिन्यात, तर आत्ता समोरच्या गच्चीवर. हाक मारावी तर पत्ता नाही, आणि हाक मारायचं सोडून द्यावं तर पाठीशी उभी. घरात एवढं लांबलचक नाव कोण घेणार? त्याचं झालं चक्री. ही चक्री नववीत गेली त्या वर्षी तिच्या डोक्यात निवासी शाळेचं भूत शिरलं आणि ते काही केल्या उतरेना.

भूत शिरवलं विज्ञानाच्या बाईंनी. चक्रीच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता, नाही असं नाही. तो कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कुठं आहे ते फक्त जुन्या कारकुनांना माहीत होतं. ते निवृत्त झाले. त्यांना पत्रं गेली, माणूस गेला, पण त्यांचं एकच म्हणणं, किल्ली शाळेतच आहे, नीट बघा. त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून काय दिसतं ते मुलं पुस्तकात बघायची, आणि सूक्ष्मदर्शक कसा असतो ते कपाटाच्या काचेतून. चक्रीनं तीन वर्षं त्या काचेला नाक लावलं. शेवटी बाईंनाच ते बघवेना. त्यांनी एके दिवशी तिच्या हातात तीन शाळांची माहितीपत्रकं ठेवली.

"या राहून शिकायच्या शाळा. निवड झाली की राहणं, जेवण, शिकणं सगळं शाळेकडून. पण नववीतूनच घेतात. पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाहीत," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या पत्रकात एक फोटो होता. लांबलचक टेबल, टेबलाशी मुली आणि प्रत्येकीपुढे एकेक सूक्ष्मदर्शक.

"बाई, एकेकीला एकेक?"

"एकेकीला एकेक."

"म्हणजे दोघींत एक नाही?"

"अगं नाही गं. एकेकीला एकेक!"

त्या दिवशी चक्री शाळेतून घरी चालत आली असं म्हणायचं, कारण तसंच म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तिचे पाय जमिनीला किती वेळा लागले ते सांगता येणार नाही.

आता सूक्ष्मदर्शकाचंच एवढं वेड का, तर त्याला कारण तिचे बाबा. जिन्याखाली, उभ्या माणसाचं डोकं आपटेल अशा बोळकांडीत त्यांचं दुकान. एक बुटकं स्टूल, मान वाकवता येणारा दिवा, सुयांची डबी आणि तळहाताएवढं भिंग. कुणाचा कोट कसरीनं खाल्लेला, कुणाच्या पँटीवर ठिणगी उडालेली. बाबा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथं कुणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा सोडवून घ्यायचे आणि भोकावर उभे-आडवे विणत जायचे, मूळ विणीशी वीण जुळवून. चक्री सहा वर्षांची असल्यापासून त्यांना सुया ओवून द्यायची आणि मोबदल्यात भिंग मागायची. भिंगातून धागा दोरखंडाएवढा दिसायचा, पण त्या धाग्यात काय आहे ते काही दिसायचं नाही.

"बाबा, धाग्याच्या आत काय असतं?"

"आणखी बारीक धागे."

"आणि त्यांच्या आत?"

"त्यांच्या आत तुझं डोकं! सुई ओव."

सुया ओवता ओवता ती रफू करायला शिकली. नुसती शिकली नाही, हातच तसा होता तिचा. आणि धंद्यातला एकुलता एक नियमही शिकली. काम झाल्यावर गिऱ्हाईक भिंगासारखे डोळे करून विचारतं, "कुठं होतं हो भोक?" त्याला सांगायचं नाही. जागा दाखवायची नाही. "एकदा दाखवली," बाबा म्हणायचे, "की त्याला कोट दिसायचा बंद होतो. जन्मभर तेवढीच जागा दिसते." पावतीवरसुद्धा ते 'रफू' असा शब्द लिहायचे नाहीत. 'कोट, एक' एवढंच. न जाणो, पावती गिऱ्हाइकाच्या बायकोच्या हाती लागली तर.

तर तीन शाळा, तीन अर्ज. रविवारी सकाळी तिघं जण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. चक्रीची आई टपाल कचेरीत पत्रं निवडायची, कुठलं पत्र कुठल्या खणात ते ठरवायची. छापील कागदाबद्दल तिला भारी आदर. तिनं टेबल पुसलं, हात धुतले, बाबांनाही धुवायला लावले.

"उमेदवाराचा स्वभाव," आईनं वाचलं. "लिही, चंचल."

"चंचल काय? चपळ लिही," बाबा म्हणाले.

"अहो, शाळेला खरं सांगायला नको?"

"मग दोन्ही लिही. त्यांना हवं ते ते घेतील."

"घरी अभ्यासाला स्वतंत्र जागा आहे का?"

"आहे की. जिना."

चक्रीनं 'जिना' लिहिलं. 'घरापासून दूर राहण्याची तयारी आहे का' या रकान्यात तिनं 'हो' एवढं मोठं लिहिलं की त्याचा काना चौकटीच्या बाहेर गेला. आईनं कपाळाला हात लावला. असले अर्ज कोण तयार करतं कोण जाणे, पण त्याला मुलं नसावीत. 'उमेदवाराच्या तीन उणिवा लिहा' असाही एक रकाना होता. त्यावर आई आणि बाबा पहिल्यांदाच एकमतानं आणि इतक्या उत्साहानं बोलू लागले की कागद पुरेना.

शेवटचा रकाना होता, 'उमेदवाराने स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचा एक नमुना सोबत जोडावा.'

बाबा उठले ते थेट दुकानात. कुणीतरी चार वर्षांपूर्वी टाकून गेलेली, पुन्हा न्यायला न आलेली राखाडी लोकरी पँट त्यांनी काढली. कापड जुनं, पण जातिवंत. त्यातून वीतभर लांबीरुंदीचे तीन चौकोन कापले. चक्रीनं प्रत्येकात कात्रीच्या टोकानं वाटाण्याएवढं भोक पाडलं. पायाच्या दुमडीतून धागे सोडवले. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि उजेड आहे तोवर खिडकीशी बसायचं. गच्चीवरून मैत्रिणी हाका मारून दमल्या. जन्माला आल्यापासून चक्री एका जागी सलग आठवडाभर बसलेली गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली, आणि शेजारच्या काकू तर पोरीला ताप आहे का म्हणून विचारून गेल्या.

शनिवारी तिनं तिन्ही चौकोन बाबांपुढे ठेवले. बाबांनी पहिला उचलला. दिव्याखाली धरला. भिंगातून बघितला. उलटा केला. मग डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला, कारण डोळ्याला जसं फसवता येतं तसं अंगठ्याला येत नाही असं त्यांचं मत. अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि कुठंच थांबला नाही. बाबांनी डोळे उघडले.

"कुठं आहे?" ते म्हणाले. गेली बावीस वर्षं हा प्रश्न लोक त्यांना विचारत आले होते. त्यांनी तो कुणाला विचारायची ही पहिलीच वेळ.

"जागा दाखवायची नाही," चक्री म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं, आणि असे काही हसले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. आनंद त्या बोळकांडीत मावेना, म्हणून दोघं बाहेर रस्त्यावर येऊन हसले.

नमुने पाकिटात गेले. अर्जावर 'नमुन्याचे वर्णन' असा रकाना होता. तो भरायचं काम बाबांनी आपण होऊन घेतलं आणि हात जसा वळलेला तसं लिहून टाकलं. 'कापड, राखाडी, एक.' तिन्ही अर्जांवर तेच. आईनं पाकिटं आपल्या हातानं चिकटवली, आपल्या हातानं टपालात टाकली, आणि या शहाण्या घरातल्या तीन माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की आपण तीन शाळांना वीतभर कापडाचे तीन तुकडे पाठवले आहेत, ज्यांवर कुणालाही काहीही दिसणार नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. आईच्या कचेरीतला नियम कडक. आपल्या घरचं पत्र हाताला लागलं तरी घरी न्यायचं नाही. ते खणात टाकायचं, दुसऱ्या दिवशी पोस्टमन घेऊन जाईल. त्यामुळे पत्र येणार हे घराला आदल्या दिवशी कळायचं आणि आत काय आहे ते दुसऱ्या दिवशी. आई संध्याकाळी दारातूनच सांगायची.

"आलंय."

"जाड की पातळ?"

"पातळ."

पातळ म्हणजे नकार, एवढं चक्रीला विज्ञानाच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही.

पत्रात चारच ओळी होत्या. 'अर्जासोबत कामाचा नमुना जोडलेला नसल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही. पाकिटात चुकून आलेले कोरे कापड परत पाठवत आहोत.'

चक्रीनं वाचलं आणि ती मटकन खाली बसली. बाबांनी वाचलं आणि ते टुणकन उभे राहिले.

"कोरं!" ते ओरडले. "कोरं म्हणतात! एवढी शिकलेली माणसं, चष्मे लावून बसलेली, आणि कोरं म्हणतात! अगं, ऐकलंस का, कोरं!"

"ऐकलं," आई म्हणाली. "पोरीला नकार आलाय आणि तुम्ही नाचताय काय?"

बाबा नाचायचे थांबले, पण ओठ काही सरळ होईनात. आणि खरी पंचाईत अशी की चक्रीचेही होईनात. डोळ्यांतून पाणी येतंय आणि पोटातून हसू. दोन्ही एकदम आलं की माणसाचं तोंड कसं होतं ते आरशात बघायला ती उठली, आणि बघून आणखी हसली.

दुसरं पत्र आठवड्यानं आलं. तेही पातळ. 'ही शाळा निवडीच्या काळात कोणत्याही प्रकारची भेटवस्तू स्वीकारत नाही. आपण पाठवलेले कापड उत्तम प्रतीचे आहे यात शंका नाही. तथापि नियमानुसार आपला अर्ज बाद करण्यात येत आहे.'

"उत्तम प्रतीचे," बाबा हळूच म्हणाले.

आता मात्र आईचा पारा चढला. "लाच! माझ्या मुलीनं लाच दिली म्हणतात! आणि का? तर तुम्ही लिहिलंत कापड, राखाडी, एक! बाकीच्या मुलांनी चित्रं पाठवली असतील, भरतकाम पाठवलं असेल, मातीचे हत्ती पाठवले असतील. आपण काय पाठवलं? काहीच नाही! तेही आठवडाभर खपून!"

उरली तिसरी शाळा. एकेकीला एकेक वाली. चक्रीच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीच्या दोन गेल्या त्याचं तिला वाईट वाटलं होतं, पण ही गेली तर पुढची सगळी वर्षं त्या बंद कपाटाच्या काचेला नाक लावून काढायची होती, आणि पुढच्या वर्षी तर दारात उभंही करणार नव्हते.

"मी त्यांना पत्र लिहिते," ती म्हणाली. "कापडावर रफू आहे, इथं इथं आहे, असं कळवते."

"इथं इथं नाही," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"रफू आहे म्हण. जागा सांगू नकोस. सांगितलीस की केलेलं काम गेलं."

"जाऊ दे ना काम! मला जायचंय!"

असं ती कधी बोलली नव्हती. बाबा म्हणाले, "मग तुझं काम आहे. तू ठरव."

चक्रीनं कागद घेतला. पेन तोंडात धरलं, बाहेर काढलं, पुन्हा धरलं. ठरवायचं म्हटल्यावर तिला कळलं की तिलाही ती जागा सांगवत नाही. आठवडा घालवून लपवलेली गोष्ट एका ओळीत उघडी करायची, हे हाताला पटेना. शेवटी तिनं लिहिलं, 'पाठवलेले कापड कोरे नाही व ती भेटही नाही. त्यावर मी रफू केला आहे. कुठे ते सांगायची आमच्या घरात पद्धत नाही, क्षमस्व. सापडला तर कृपया कळवावे.'

आईनं वाचलं. "ही मुलगी शाळेत प्रवेश मागतेय की शाळेची परीक्षा घेतेय?" पण पत्र तिनंच नेलं आणि कचेरीत सगळ्यात आधी निघणाऱ्या पिशवीत टाकलं. एवढा नियम तिनं वाकवला.

दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी आई घरी आली ती धापा टाकत. ही बाई कधी पळत नाही. बसथांब्यावरून बस सुटत असली तरी पळत नाही. आज जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आली होती.

"पोस्टकार्ड आलंय!"

पोस्टकार्ड म्हटल्यावर जाड-पातळचा प्रश्नच मिटला, आणि त्याहून मोठा उभा राहिला. कार्ड उघडं असतं.

"तू वाचलंस?" चक्रीनं विचारलं.

"वाचायचं नसतं," आई म्हणाली. "मी वाचलं नाही. खणात टाकताना दोन शब्द डोळ्यांत गेले, त्याला मी काय करू?"

"कुठले दोन?"

"जागा सापडली."

चक्रीनं किंकाळी फोडली, आईचे दोन्ही हात धरले आणि दोघी स्वयंपाकघरात गोल गोल फिरू लागल्या. भांडी पडली. फिरता फिरता चक्रीला बाबा दिसले. ते दारात उभे होते आणि चेहरा पडला होता.

"कुणाला सापडली?" ते म्हणाले.

"कुणाला म्हणजे? शाळेला! शाळेत जागा सापडली तिला!" आई म्हणाली.

"कशी सापडली? मला सापडली नाही. अंगठ्याला सापडली नाही."

आईचं फिरणं थांबलं. चक्रीचंही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अहो, शाळेतली जागा हो," आई म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता.

"तिनं काय लिहिलं होतं? सापडला तर कळवावे. त्यांनी कळवलं. सापडली."

त्या रात्री घरात एकाच शब्दावर खल चालला. चक्रीला जागा सापडली की चक्रीची जागा सापडली? तिच्या मनात एकदा हे खरं व्हायचं, एकदा ते. दुसऱ्या दिवशी पोस्टमन कोपऱ्यावर दिसताच ती जाऊन त्याच्या सायकलीला आडवी झाली. कार्डावर लिहिलं होतं, 'जागा सापडली. मुलीला घेऊन गुरुवारी अकरा वाजता यावे.' खाली मुख्याध्यापिकांची सही. संपलं! शाळेच्या मुख्याध्यापिका असून त्यांना अजून चार शब्द घालायला काय झालं होतं, असं आई दिवसभर म्हणत होती.

गुरुवारी आईला रजा मिळाली नाही. बाप-लेक पहाटेच्या बसनं निघाले. बाबांनी दाढी दोनदा केली होती आणि स्वतःचा एकुलता एक कोट घातला होता. त्या कोटाला तीन ठिकाणी रफू आहे असं घरात बोललं जायचं. कुठं, ते अर्थात कुणाला माहीत नव्हतं.

शाळा टेकडीवर होती. फाटकातून आत जाताना चक्रीनं बाबांचा हात धरला, मग आपण नववीत आहोत हे आठवून सोडला, मग पुन्हा धरला. शिपायानं त्यांना एका मोठ्या खोलीत नेलं. टेबलापलीकडे मुख्याध्यापिका, त्यांच्या दोन बाजूंना आणखी पाच शिक्षक, आणि टेबलाच्या मधोमध, पांढऱ्या कागदावर, तो राखाडी चौकोन. त्यात एक टाचणी टोचलेली.

"या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. बाई उंच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज खणखणीत. "तुझं पत्र आल्यापासून आम्ही सहा जण या कापडाच्या मागे लागलोय. मधली सुट्टी नाही, चहा नाही. शिवणकामाच्या बाईंनी आणि चित्रकलेच्या सरांनी तर तीन दिवस एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. पण शेवटी सापडली. ही बघ. बरोबर?"

म्हणजे जागा ती होती. शाळेतली नव्हे. चक्री पुढे झाली, तिनं टाचणीशेजारी बोट टेकलं. बोटाला बारीकसा उंचवटा लागला, आणि बोटानं लगेच ओळखलं. ही गिरणीतली गाठ. कापड विणतानाच धागा तुटला असेल, तिथं जोडलेला. तिचा याच्याशी काही संबंध नव्हता.

तिनं मागे बघितलं. बाबांनीही लांबूनच ओळखलं होतं. आनंदानं त्यांचे कान लाल झाले होते. पण तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता आणि रुमालावरून डोळ्यांनी ते लेकीला विनवत होते, हो म्हण. हो म्हण आणि मोकळी हो.

किती सोपं होतं! सहा मोठी माणसं खूश झाली असती. चक्रीनं तोंड उघडलं, 'हो' म्हणायचं म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "ही जागा नाही."

मग चित्रकलेचे सर ताडकन उठले. "मी सांगत होतो! मी पहिल्यापासून सांगत होतो!"

"खाली बसा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या चक्रीकडे बघत होत्या. "मग कुठं आहे? दाखव."

चक्री काय करणार? मोठ्या बाई दाखव म्हणतात, आणि बाबा मागे उभे. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"दाखव, पोरी."

तिनं वळून बघितलं. बाबांनी रुमाल खाली घेतला होता. बावीस वर्षांत आजारपणात नाही, अडचणीत नाही, कुणाच्या दटावणीला भिऊनसुद्धा नाही, असा जो शब्द त्यांच्या तोंडून गेला नव्हता तो गेला होता. चक्रीला गलबलून आलं. तिनं कापड उचललं, खिडकीशी नेलं. उलटं केलं, सुलटं केलं. भिंगासाठी बाबांपुढे हात केला, भिंग लावलं. अंगठा फिरवला. मग थोडी खाकरली.

"बाई," ती म्हणाली, "मलाच सापडत नाहीये."

पहिलं हसू बाबांना फुटलं. मग शिवणकामाच्या बाईंना. मग सगळी खोली अशी खदखदली की दारातला शिपाई आत डोकावला आणि काही न कळताच हसायला लागला. एकट्या मुख्याध्यापिका मात्र गंभीर राहायचा प्रयत्न करत होत्या आणि चष्मा त्यांच्या नाकावरून घसरत होता.

"आता?"

"आता..." चक्रीनं भिंग बाबांना परत दिलं. "आता सूक्ष्मदर्शक लागेल."

मिरवणूकच निघाली. पुढे मुख्याध्यापिका, मागे कापड दोन्ही हातांवर घेतलेली चक्री, मग पाच शिक्षक, बाबा आणि शिपाई. प्रयोगशाळेचं दार उघडलं. तेच लांबलचक टेबल. खोटं नव्हतं, फोटोतल्यासारखंच एकेकीला एकेक. मुख्याध्यापिकांनी एकाखाली कापड सरकवलं, वरून दिवा सोडला, कुठलं चाक कसं फिरवायचं ते सांगितलं. चक्रीनं नळीला डोळा लावला.

आधी नुसता राखाडी गोंधळ. मग चाक थोडं फिरलं आणि चित्र लख्ख झालं. धागा धागा राहिलाच नव्हता. त्याला अंग होतं, पीळ होता, आणि पिळातून निघालेला प्रत्येक केस खवल्याखवल्यांचा. बाबा म्हणाले होते, आणखी बारीक धागे. होतेच! ती कापड हळूहळू सरकवत गेली. वापरून वापरून या धाग्यांवरची लव झिजलेली होती, सगळीकडे सारखीच. सगळीकडे. आणि एकदम एका ठिकाणी लव ताठ, दाट, पायाच्या दुमडीत वर्षानुवर्षं दडून राहिलेली, कधी उन्हात न आलेली.

"सापडली," ती पुटपुटली. "बाबा, सापडली! या, या ना!"

बाबांनी डोळा लावला. ते बराच वेळ हलले नाहीत. मग एकेक करून सगळे शिक्षक रांगेनं बघून गेले. चित्रकलेच्या सरांनी दोनदा नंबर लावला. चक्रीला धीर धरवेना, ती शेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली आपल्या बाहीचा काठ घालून बघत होती. मग स्वतःचं नख. मग बाबांच्या कोटाची बाही, बाबा त्यात असतानाच. मुख्याध्यापिका काही बोलत होत्या ते तिला ऐकू येत होतं, पण ते पलीकडच्या खोलीत चाललेलं बोलणं वाटत होतं.

"...चुकीच्या ठिकाणी टाचणी लावल्याचं आम्हाला तोंडावर सांगणारी मुलगी आम्हाला हवी आहे," मुख्याध्यापिका बाबांना म्हणत होत्या. "निवड झाली, असं समजा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सामान घेऊन आणून सोडा."

चक्रीनं नळीवरचा डोळा काढला. गालावर नळीचा गोल वळ उमटला होता. "एक तारखेला?" ती म्हणाली. "आजपासून नाही का चालणार?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं बाबा हसले. हसता हसता त्यांनी हात मागे नेला, चाचपडत एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही गं. उभं राहून पाय दुखले."

पण दिवसभर एका जागी बसून ज्याचे पाय आखडायचे, तो माणूस उभं राहिल्यानं कधी दमला नव्हता. चक्री त्यांच्याकडे बघत राहिली. गेल्या तीन महिन्यांत तिनं जायचं, जायचं एवढंच म्हटलं होतं. कुठून जायचं, याचा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता. तो आत्ता आला. तिला एकदम रडू फुटलं, आणि आनंद तर काही केल्या जाईना. तसंच हसत आणि रडत ती बाबांच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. बाबा पुन्हा त्या नळीला डोळा लावून बघत होते आणि चाक हळूहळू फिरवत होते.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"काही नाही दिसत," बाबा म्हणाले. "सगळं पाणी पाणी झालंय."